घाण्याच्या शेडचा आवाज

बाईंनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, "तुम्हाला आवाजाला खोली देता येते का?"

मी म्हटलं, "येते की. बास वाढवायचा, थोडा इको..."

"तशी खोली नाही हो," त्या म्हणाल्या. "खोली. चार भिंतींची. वर पत्रा असलेली."

मला काही बोध झाला नाही. फोन माझ्या बायकोने आणून दिला होता आणि ती दारात उभी राहून हाताने खुणावत होती, हो म्हणा, हो म्हणा. बाई तिच्या शाळेतल्या. बायकोचं माहेर गागोद्याकडचं, शाळा पेणला, आणि ह्या बाईंनी तिला पाचवीपासून गणित शिकवलेलं. मध्ये कुणाच्या तरी लग्नात दोघींची बऱ्याच वर्षांनी गाठ पडली होती. तिथे वाजवायला आलेल्या बेंजोवाल्यांचा अँप, म्हणजे आवाज वाढवायची पेटी, ऐन हळदीत बंद पडला, मी तो कोपऱ्यात घेऊन चालू करून दिला. ते बाईंनी पाहिलं होतं.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. प्रेशर, टेंपरेचर दाखवणारी मीटरं ठीक ठेवायची हे माझं काम. शिफ्ट सुटली की रोह्याला घरी येतो आणि मागच्या पडवीतल्या टेबलावर बसतो. तिथे आसपासच्या बेंजो पार्ट्यांचे अँप, माईक, स्पीकर दुरुस्तीला येतात. क्वचित एखादा जुना व्हॉल्व्हचा अँपही येतो. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर उजळले की मला बरं वाटतं. लहानपणापासूनचं आहे ते.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "बाईंचा भाऊ गिटार वाजवतो. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ना, ती. शाळा सुटली की आम्ही मैत्रिणी त्यांच्या आळीतून एसटी स्टँडला जायचो. मागच्या शेडमधून ऐकू यायचं. भिंतीला पाठ लावून उभ्या राहायचो ऐकत. माणूस कधी दिसला नाय. लाजाळू हाय म्हणायच्या सगळ्या."

"मग त्याचाच अँप असणार."

"व्हय, दुसऱ्या कुणाचा असेल?"

बाई शनिवारी येऊ नका म्हणाल्या होत्या. त्या बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; शनिवारी विजेचं बटणसुद्धा दाबत नाहीत. म्हणून मी रविवारी गेलो, एकटाच. त्यांच्या आळीतली बरीचशी घरं आता दुसऱ्यांची आहेत. काही नुसतीच बंद आहेत. माणसं केव्हाच इस्रायलला गेली. बाईंच्या दाराच्या चौकटीला उजव्या हाताला त्यांच्या धर्मवचनाची एक छोटी लांबट डबी तिरपी ठोकलेली होती. दार उघडल्यावर त्यांनी सवयीने तिला बोटं लावली, ओठांना लावली, आणि मला म्हणाल्या, "या जावई."

सत्तरी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. सुती पातळ, हातात एकच बांगडी. बोलताना शब्द फळ्यावर लिहिल्यासारखे सुटे.

अँप बाहेरच्या खोलीत होता. सागवानी पेटी, पुढे जाड विणीचं कापड. कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. मागची फळी काढली आणि मी बघतच राहिलो. सगळा हाताने बनवलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या चासीवरचं, म्हणजे आतल्या सांगाड्यावरचं, एकेक भोक कानशीने गोल केलेलं. वायरी एकमेकींना धरून ओळीत, मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. सोल्डरचा एकही थेंब जास्तीचा नाही. माणसाला न भेटताही त्याचा स्वभाव कळावा असं ते काम होतं.

"हे तुमच्या भावाने केलं?"

"दुसरं कोण करणार? बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं."

"हात फार चांगला आहे त्यांचा."

"आहेच," बाई म्हणाल्या.

"घरी नाहीत का ते? बोललो असतो, नेमका कसा आवाज हवा ते कळलं असतं."

"बाहेर गेलाय," त्या म्हणाल्या. कुणी बाजारात मीठ आणायला गेलं की आपण म्हणतो, तसंच.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे नेलं. त्यांच्या घराण्यात पूर्वी तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. वडिलांनी घाणा थांबवला आणि मागची लांब शेड रिकामी झाली. दगडी भिंती, वर पत्रा, तेल पिऊन काळी पडलेली जमीन. भावाने आपली गिटार आणि अँप तिथे नेला.

"मी इथे चुलीपाशी असायची," बाई म्हणाल्या. "आवाज निघाला की आधी पत्र्याला जायचा, मग भिंतींना, मग माझ्याकडे यायचा. थकून येणारा माणूस येतो तसा. सावकाश."

"शेड कुठे आहे?"

त्यांनी कडी काढून दार उघडलं. बाहेर दोन पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांना लागूनच गटार आणि रस्ता. एक डंपर गेला, धूळ आत आली. रस्ता रुंद करताना शेड गेली होती.

"आता अँप पुढच्या खोलीत आहे. आवाज निघतो आणि समोरच पडतो, ओल्या कपड्यासारखा. वाजतंय कळतं, पण वाजवणारा कुठेच बसलेला नाही."

मी त्यांना समजावून सांगितलं. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये स्प्रिंगचा रिव्हर्ब बसवता येतो. आवाजातला थोडासा भाग बाजूला काढायचा आणि पत्र्याच्या लांबट डब्यात ताणलेल्या बारीक स्प्रिंगांमध्ये सोडायचा. तो त्या टोकाला जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. असा घुमून थकलेला आवाज मूळ आवाजात परत मिसळायचा. भिंती नसल्या तरी कानाला भिंती आहेत असं वाटतं.

"म्हणजे स्प्रिंगची खोली."

"तसंच म्हणा."

"केवढी?"

मी दोन्ही हात धरून दाखवलं. हातभर लांबीची. बाई माझ्या हातांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"पुरेल," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी एक कॅसेट दिली. "याच्यावर त्याचं वाजवणं आहे. अँपमधून वायर काढून सरळ टेपमध्ये भरलेलं. याच्यावरच तपासा. दुसऱ्या कशावर नको."

स्प्रिंगचा डबा बाहेरून मागवावा लागला. तोवर मी अँप उघडून बसलो. मूळ मालकाच्या कामात हात घालायचा म्हणजे मला संकोच वाटत होता. एवढ्या नेटक्या चासीवर माझी नवी भोकं पाडायची होती, दोन जादा व्हॉल्व्हसाठी: एक आवाजाला स्प्रिंगमध्ये ढकलणारा आणि एक पलीकडून येणारा क्षीण आवाज उचलून घेणारा. पहिल्या व्हॉल्व्हला छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मी एका मेलेल्या रेडिओतून काढला. दर वेळी आत हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे करायचे. प्लग काढून ठेवला तरी त्यांत वीज राहते, माणसाला फेकून देईल इतकी. ते काम करताना मी नेहमी एक हात पाठीमागे ठेवतो, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही.

डबा आला, बसवला, चालू केला, तर नुसती घूं घूं. पेटीच्या तळाला मी तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या खालीच ठेवला होता. दुसऱ्या टोकाला नेला, तोंड फिरवलं, घूं घूं गेली. मग स्पीकरच्या धक्क्याने स्प्रिंगा आपोआप केकाटायला लागल्या. डब्याखाली रबराचे तुकडे घातले, तेही थांबलं. राहिली एक गोष्ट. काहीही जोडलेलं नसताना रिव्हर्बचं बटण वर नेलं की अँप घरातल्या हालचाली ऐकू लागायचा. रोहा स्टेशनातून मालगाडी निघाली की लांब डोंगरात गडगडल्यासारखं व्हायचं. स्वयंपाकघरात झाकण पडलं की तेच झाकण पुन्हा एका मोठ्या रिकाम्या वाड्यात पडायचं.

एकदा दुपारी बायको चहा घेऊन आली आणि मधेच थबकली.

"हे काय वाजतंय?"

"तुझी पावलं."

तिने एक पाऊल टाकलं. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला, आणि मागून लांबत गेलेली त्याची शेपूट. तिने अजून एक टाकलं.

"माझी नाय वाटत," ती म्हणाली. "दुसरंच कुणीतरी चालतंय माझ्याबरोबर."

तिने कप तिथेच खाली ठेवला आणि आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट लावली. आधी रिव्हर्ब बंद ठेवून. गिटार सुरेख होती, पण बाई म्हणाल्या तसंच, अगदी कोरडी. सूर निघायचा आणि तिथेच संपायचा. मग मी बटण हळूहळू वर नेलं.

हे कसं सांगावं मला कळत नाही. माझी पडवी केवढीशी, बाजूला कपडे धुवायचा दगड आणि वर वाळत घातलेल्या मिरच्या. पण स्पीकरच्या मागे जागा उघडत गेली. भिंत मागे सरली. त्या जागेत कुणीतरी मांडीवर गिटार घेऊन बसलेलं होतं, माझ्याकडे पाठ करून. तारांवर लोखंडी दांडी सरकवताना होणारी बारीक कुरकुर ऐकू येत होती. एक धून संपली, आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी गिटारच्या लाकडावर दांडी आपटल्याचा आवाज आला. टक, टक. जरा थांबून पुन्हा टक, टक. कुणाला तरी बोलावल्यासारखा.

मी वळून पाहिलं तर बायको पडवीच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती. हाताला कणीक तशीच.

"हेच," ती म्हणाली. "शेडमधलं. अगदी हेच. ही टकटकसुद्धा." तिचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता. "बाईंचा भाऊ अजून तस्साच वाजवतो, बघा."

"जुनी कॅसेट आहे ही," मी म्हटलं.

तिचं लक्ष नव्हतं. तिने हात धुऊन पेणच्या एका मैत्रिणीला फोन लावला, शेडच्या भिंतीशी हिच्याबरोबर उभी राहणाऱ्यांपैकी एक. सांगायचं होतं तिला, की ऐक, ओळख कोण वाजवतंय. मी आवाज बारीक केला. बायको बोलत होती, हसत होती, मग एकदम गप्प झाली. "काय बोलतेस," म्हणाली. मग नुसतं "हूं, हूं" करत राहिली. फोन ठेवून ती पायरीवर बसली.

"ती म्हणते, बाईंचा भाऊ पुरात गेला. नागोठण्याला. आपण पाचवीत यायच्या आधी."

"आधी?"

"व्हय. तिच्या आईने तिला तेव्हाच सांगितलं होतं. बाईंसमोर कुणी बोलायचं नाय, म्हणून तीपण आमच्यात लाजाळूच म्हणायची, खरं कधी बोलली नाय."

टेबलावर कॅसेट फिरत होती. मी ती बंद केली.

"मग आम्ही कुणाला ऐकायचो हो?" बायको म्हणाली.

उत्तर आमच्या समोरच होतं. कॅसेटला. तरी ते कळल्याने काही हलकं झालं नाही. उलट अँप घरात आहे हे आम्हाला सारखं जाणवायला लागलं. बायकोने त्याच्यावर चादर टाकली. पडवीतून जायचं टाळून ती बाहेरून वळसा घालून मोरीकडे जाऊ लागली. कंपनीत मी कॉम्प्रेसर हाऊसमध्ये असताना पाना खाली पडला आणि त्याचा आवाज वरच्या पत्र्याला जाऊन परत आला, तर मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय."

अँप परत द्यावा की नाही, हेच मला कळेना. मी काय तयार केलं होतं? एका बाईने स्वतःला इतकी वर्षं जे ऐकवलं, ते पुन्हा ऐकवायचं यंत्र. स्प्रिंग काढून टाकावी, जमलं नाही म्हणावं, असंही मनात आलं. बायकोला बोललो तर ती म्हणाली, "त्यांचं हाय ते, त्यांना द्यायचं. पण मी येणार."

आम्ही टेम्पो करून निघालो. नागोठण्याला पुलावरून जाताना खाली अंबा नदी उथळ, संथ होती. एका काठाला म्हशी बसल्या होत्या.

बाईंनी दार उघडलं. "ये गो, ये," म्हणाल्या. बायको पाया पडली आणि वर बघेना. बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"कळलेलं दिसतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

अँप जागेवर ठेवेपर्यंत त्या थांबल्या. मग आम्हाला बसवून, वर्गात सांगावं तसं सरळ सांगितलं. भाऊ नागोठण्याला गेला होता, कुणाचा तरी दुरुस्त केलेला रेडिओ पोचवायला. वर घाटात पाऊस कोसळला, अंबेला पाणी चढलं, रस्ते बंद झाले. पाणी उतरल्यावर माणसं सापडली, गुरं सापडली, भाऊ सापडला नाही. रेडिओ ज्यांचा होता त्यांच्याकडे पोचला होता. तिथून तो निघाला होता, एवढंच कळलं.

"सगळे म्हणाले, धरून चाल की गेला. मी म्हटलं, कशावरून? मग एकेक करून सगळे इस्रायलला गेले. बहीण मला ने म्हणून रडली. मी गेले आणि मागून हा आला तर? घराला कुलूप बघेल ना."

"आणि कॅसेट?" मी विचारलं.

"शेडमध्ये त्याच्या अँपला टेप जोडायची, चालू करायची आणि इथे येऊन भाकऱ्या थापायची. मला माहीत होतं की टेप आहे. मी गणित शिकवते, वेडी नाही. पण पाठ करून बसलं की भाकरी होईपर्यंत माहीत नसल्यासारखं राहता येतं."

बायको म्हणाली, "बाई, आम्ही पण ऐकायचो."

"ठाऊक आहे. भिंतीपलीकडून तुमची कुजबुज यायची. मला बरं वाटायचं. म्हणजे मी एकटीच नाही ऐकत."

मग त्या उठल्या, पदर खोचला. "लावा जावई. मी आत जाते. आत कसं येतं ते बघायचं."

मी टेप जोडली. व्हॉल्व्ह तापले. धून सुरू झाली. बाई स्वयंपाकघरातून सांगत होत्या आणि मी बटण फिरवत होतो. "अजून थोडं. नको, इतकं नको, हे विहिरीतून आल्यासारखं झालं. मागे घ्या. जरा अजून... हां." मी बटणावरचा हात काढला. आतून स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आला. चहाचा वास आला.

धून संपली. टक, टक. थांबून पुन्हा टक, टक.

"आले रे, आले," बाई आतून म्हणाल्या.

तो सत्तरीतल्या बाईचा आवाज नव्हता. त्यात जरा कुरकुर होती, जरा लाड होता. बायको उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली, तिच्या मागे मी. बाईंनी कपात चहा गाळला, बशीवर ठेवला, डाव्या हाताने पदर सावरला, आणि मागच्या दाराची कडी काढून दार उघडलं.

समोर रस्ता. रिक्षा, मोटारसायकली, पलीकडे एका दुकानाचं लोखंडी शटर.

बाई पहिल्या पायरीवर पाऊल टाकून उभ्या राहिल्या. मागे पुढच्या खोलीत दुसरी धून सुरू झाली होती आणि ती खरोखरच लांबून, कुठल्यातरी मोठ्या दगडी जागेतून येत होती. मला टेप बंद करायला जायचं होतं. मी दारातच थांबलो.

"कुठे नेऊ गो हा?" बाईंनी विचारलं. माझ्या बायकोला विचारलं की कुणाला, सांगता येत नाही.

बायकोने पुढे होऊन त्यांच्या हातातून कप घेतला. कप तसाच दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. बाई उंबऱ्यावर बसल्या.

"शेड पाडली तेव्हा मी इथेच उभी होते," त्या म्हणाल्या. "रडले नाही. म्हटलं, दगड आणि पत्राच आहे. मला कळलंच नाही, तो तिथेच राहत होता."

आणि मग त्या रडल्या. मोठ्याने, रस्त्यावरचे लोक वळून बघतील असं. बायकोने दार लोटून घेतलं. मी पुढच्या खोलीत गेलो आणि अँपचं बटण बंद केलं. व्हॉल्व्हचा अँप बटण बंद केल्यावर लगेच गप्प होत नाही. आत साठलेल्या विजेवर तो थोडा वेळ वाजत राहतो, मग सूर वाकत, बारीक होत जातो. तेवढा वेळ मी तिथे उभा होतो.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "आमच्यात असं आहे, ज्याचं शरीर मिळत नाही, त्याची आशा घरच्यांनी सोडली की त्या दिवसापासून सुतक धरायचं. बाकी सगळ्यांनी कधीच सोडली. माझीच राहिली होती." बायकोकडे वळून म्हणाल्या, "त्या खणात कात्री आहे गो." बायकोने दिली. त्यांनी पोलक्याला गळ्यापाशी एक छोटा छेद दिला, आणि पुढचं हाताने फाडलं. कापड फाटल्याचा तो आवाज छोटासाच होता. त्याला मागून काही आलं नाही.

प्रार्थनेला त्यांना दहा पुरुष लागतात. पेणमध्ये तेवढे नव्हते. बाईंनी स्वतः फोन केले. अलिबागकडून काही आले, काही पनवेल, ठाण्याहून. आम्ही दोघंही गेलो. त्यांचे खाण्यापिण्याचे नियम वेगळे, म्हणून बायकोने झाडलोट केली, मी शेजारून खुर्च्या आणल्या. आरसा बाईंनी कापडाने झाकून ठेवला होता. शेवटी एक माणूस कमी पडला. तो हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला होता. सगळे थांबले. बाई जमिनीलगतच्या पाटावर बसून दाराकडे बघत होत्या, आणि मला राहवेना, ह्या बाईला अजून कुणाची वाट बघायला लावू नये असं वाटत होतं. तो आला, घामाघूम, डोक्यावर टोपी ठेवतच आत शिरला.

प्रार्थना म्हणणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "नाव काय त्यांचं? आणि वडिलांचं?"

बाईंनी दोन्ही नावं सांगितली. माझ्या बायकोने भावाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं तो तिच्यासाठी नुसता बाईंचा भाऊ होता. ते नाव इथे लिहीत नाही. प्रार्थना हिब्रूत होती, आम्हाला काही कळली नाही. मधे ते नाव आलं की मात्र कळायचं.

अँप बाईंनी मला परत न्यायला सांगितला. "वाजवणाऱ्या माणसाला द्या. कॅसेटला नको," म्हणाल्या. बेंजोवाले मागतात, मी अजून कुणाला दिलेला नाही. कॅसेटचं काय केलं असं बायकोने एकदा हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, "आहे की कपाटात. गेलेल्या माणसाच्या वस्तू असतात तशी आहे."

मग त्यांनी पासपोर्ट काढला. बहीण तोवर राहिली नव्हती, पण भाची बोलवत होती. बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या आणि इस्रायलला जाऊन महिनाभर राहून आल्या. परत आल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्यांनी खजूर पुढे ठेवला. भाचीच्या नातवंडांना मराठी येत नाही, तरी आपण त्यांना पाढे शिकवले, असं सांगून हसल्या. रंग सुधारला होता.

"करमलं का बाई तिथे?" बायकोने विचारलं.

"चांगलं आहे सगळं. माया करतात. पण घर नवं, इमारत नवी, गावच नवं. कुठल्याही खोलीत आपल्याआधी कुणी राहून गेलेलं नाही." त्यांनी एक खजूर उचलला. "पहिले काही दिवस मला कळेचना, इतकं शांत कसं. कान दुखायला लागले माझे."

"मग?"

"मग काय," बाई खजुराची बी ताटलीत टाकत म्हणाल्या, "आले परत."